पितळेचा तांब्या

"थांब आक्का, चुकलं," शेवंता म्हणाली. "त्या वक्ताला तिच्या अंगावर निळी साडी न्हवती. हिरवी हुती."

हौसाक्काचे हात थांबले. तिच्या पुढ्यातल्या सुपात बेदाण्याचा ढीग होता आणि चिमटीत नुकतीच काढलेली एक काडी. डोळे मिटून ती थोडा वेळ तशीच बसली. भोवतीच्या बायकाही काम सोडून तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"हिरवी," ती शेवटी म्हणाली. "बरोबर हाय. निळी दवाखान्यात हुती. माझंच चुकलं. तर बायांनो, हिरव्या साडीत ती जिन्यावरनं खाली येती..."

सगळ्यांचे हात पुन्हा चालू झाले. मी मात्र तशीच बघत बसले. बेदाण्याच्या शेडमधला माझा तो पहिला दिवस होता, आणि साडीच्या रंगावरून इतकं गंभीर होणारी माणसं मी तोवर पाहिली नव्हती.

आमचं गाव तासगावच्या बाजूचं. तिकडे द्राक्षं रॅकवर सुकवून बेदाणा करतात. उन्हाळा चढला की तो बेदाणा निवडायला बायका लागतात. काड्या काढायच्या, काळे मणी बाजूला करायचे, पिवळे-हिरवे वेगळे लावायचे. वर पत्रा तापलेला, खाली ताडपत्री, बोटं चिकट झालेली आणि डोक्याभोवती गांधीलमाश्या. कामाला हात आणि डोळे लागतात. कान आणि तोंड रिकामंच असतं. त्या रिकाम्या कानांसाठी हौसाक्का सिनेमा सांगायची.

हौसाक्का तेव्हा पन्नाशीची असेल. हाडापेरानं थोराड, कपाळावर गोंदण, आवाज असा की शेडच्या टोकाला बसलेल्या बाईलाही ओरडल्याशिवाय ऐकू जावा. बाजाराच्या दिवशी शेड बंद असायची आणि त्याच दिवशी तालुक्याच्या थेटरात दुपारी बायकांसाठी खास खेळ लागायचा. हौसाक्काचा तो खेळ कधी चुकला नाही. ज्यांना जमायचं त्या तिच्याबरोबर जायच्या. ज्यांच्या घरी सासू होती, तान्हं मूल होतं किंवा नवऱ्याला आवडत नव्हतं, त्यांना दुसऱ्या दिवशी शेडमध्ये सगळा सिनेमा ऐकायला मिळायचा. नावं पडल्यापासून ते पडदा पडेपर्यंत, मधल्या गाण्यांसकट.

त्याचे नियम होते. सिनेमा जसा असेल तसाच सांगायचा. ज्या बाईनं तो पाहिला असेल, तिला चूक दिसली की तिनं "थांब, चुकलं" म्हणायचं, आणि सांगणारीनं मागं जाऊन दुरुस्ती करायची. हे थांबवायचं काम शेवंताचं. शेवंता सडपातळ, तोंडानं फटकळ आणि डोळ्यांची पक्की. घारीनं कोंबडीची पिल्लं हेरावीत तशी ती आक्काच्या चुका हेरायची. तरी आक्का तिच्यावर कधी चिडली नाही. "भाजीत मीठ कमीजास्त झालं तर मी ऐकून घीन," ती म्हणायची, "पर सिनेमात माझ्या पदरचं काय घालणार न्हाई. ज्यांनी काढलाय त्यांनी काय तरी इचार करून काढला आसंल."

मुकादमाचीही या प्रकाराला हरकत नव्हती. बोलत्या तोंडात बेदाणा जात नाही, असा त्याचा हिशेब. बोलणारी एकटी हौसाक्का आणि बाकीच्या सगळ्या ऐकता ऐकता बोकणे भरताहेत, हे त्या बिचाऱ्याच्या कधी ध्यानात आलं नाही.

मी तेव्हा बाविशीत होते. लग्नाला दोन वर्षं झाली होती. शेजारीपाजारी आई सांगायची की वैजू उन्हाळ्यापुरती आली आहे. खरं तर मी एका सकाळी नेसत्या साडीनिशी एस.टी.त बसून माहेरी आले होते. डाव्या कानानं मला ऐकू येईनासं झालं होतं. कानात सारखी शिट्टी वाजायची. कुणी विचारलं तर सर्दी भरलीय म्हणायचं, असं आईनं बजावलं होतं, आणि मी तसंच सांगत होते. घरात भिंतीकडे बघत बसण्यापेक्षा हाताला काम बरं म्हणून आईनंच मला शेडमध्ये धाडलं.

मी हौसाक्काच्या डाव्या अंगाला बसायचे, म्हणजे माझा धड कान तिच्याकडे यायचा. जागेवरून मला कुणी काही विचारलं नाही. पहिल्या दिवशी तिथं दुसरी कुणी बसली होती. दुसऱ्या दिवसापासून ती जागा माझी झाली.

मी बोलत नसे, पण ऐकत असे. सासरी असताना मी एकही सिनेमा पाहिला नव्हता. हौसाक्काच्या तोंडून मी त्या उन्हाळ्यात कितीतरी पाहिले. पाहिले असंच म्हणते, कारण ते अजून माझ्या डोळ्यांपुढे आहेत. एकात जुळे भाऊ होते. एकात खून होता, आणि खुनी कोण ते सांगण्याआधी नेमकी जेवणाची सुट्टी झाली तर बायका भाकरी हातात घेऊन आक्काच्या मागं मागं हिंडत होत्या. त्या दिवशी मी लग्नानंतर पहिल्यांदा खळखळून हसले. हसताना कानातली शिट्टी थोडी कमी झाल्यासारखी वाटली.

मग एका बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हौसाक्कानं सूप पुढं ओढलं आणि मला विचारलं, "काल सिनेमाला आली न्हाईस?"

"नाही," मी म्हणाले. अण्णा, म्हणजे माझे वडील, मला एकटीला गावाबाहेर सोडत नव्हते.

"मग सांगायला पायजे," ती म्हणाली आणि पदर खोचून बसली.

तो सिनेमा एका मुलीचा होता. मोठ्या घरात दिलेली. नवरा देखणा, पण कानाचा हलका आणि हाताचा जड. सासू आणि नणंद मिळून तिच्यावर बालंट आणतात, आणि एका पावसाच्या रात्री नवरा तिला घराबाहेर काढतो. ती भावाच्या दारात येते. भावजय तोंड वाकडं करते. पण भाऊ शिवणाचं मशीन आणून देतो आणि ती गावातल्या बायकांची पोलकी शिवायला लागते.

शेवंतानं सकाळभरात आक्काला तीनचारदा थांबवलं. भाऊ सायकलवरून आला की चालत, यावरून तर चांगलीच जुंपली. शेवटी चालत ठरलं. मी मान खाली घालून काड्या काढत होते. नवऱ्यानं हात उगारला ते आक्कानं सांगितलं तेव्हा माझ्या सुपातले पिवळे आणि काळे मणी एकमेकांत मिसळले. ते मी पुन्हा वेगळे करत बसले.

जेवणाच्या सुट्टीत आई आली. आमचं घर शेडपासून जवळच होतं, पण ती कधी येत नसे. ती सगळ्यांच्या देखतच म्हणाली, "वैजे, उद्या दुपारच्याला जावई येणार हायत. त्यांच्या मामांस्नी घिऊन. अण्णांनीच निरोप धाडला हुता. आज लवकर ये, कापडं भरायची हायत."

"बरं," मी म्हणाले.

आई गेली. हौसाक्का भाकरीचा तुकडा मोडत म्हणाली, "जाणार हायस?"

"अण्णा जा म्हणतात. नाही गेले तर कुठं जायचं?"

"आन् कान कसा हाय?"

कानाबद्दल तिथं पहिल्यांदाच कुणी विचारलं होतं. सर्दी आहे, असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण शेवंता माझ्याकडे बघत होती आणि तिच्यापुढे खोटं बोलायची मला भीती वाटली. मी खाली बघून भाकरी मोडत बसले. हौसाक्कानं उरलेली भाकरी तशीच फडक्यात गुंडाळून ठेवली.

दुपारी सिनेमा पुढं चालू झाला, पण आक्काचा आवाज सकाळसारखा नव्हता. एरवी शेवटाकडे येताना ती धावत सुटायची. त्या दिवशी अडखळत होती. नणंदेचं बिंग फुटतं. सासूला पश्चात्ताप होतो. नवऱ्याला आपली चूक कळते आणि तो मोटार घेऊन बायकोला न्यायला निघतो.

"त्यो येतो," हौसाक्का म्हणाली. "दारात हुबा ऱ्हातो. ती मशीनवर बसलेली आसती. वर बघती. त्यो म्हणतो, 'चल घरी.'"

आणि ती थांबली. "पाणी द्या गं कुणी तरी," ती म्हणाली. कोणीतरी माठातलं पाणी काचेच्या गिलासातून आणून दिलं. ते ती घोट घोट करत पूर्ण प्यायली. गिलास हातातच धरून त्याच्याकडे बघत राहिली.

"मग?" एका बाईनं विचारलं.

"मग ती उठती," हौसाक्का म्हणाली. "आत जाती. आन्... पाणी घिऊन येती. गिलासातनं."

सगळ्यांचे हात थांबले. नुसत्या गांधीलमाश्या घोंगावत होत्या.

"थांब आक्का," शेवंता म्हणाली. "चुकलं."

हौसाक्काचा चेहरा पडला. तिला इतकी हिरमुसलेली मी कधीच पाहिली नव्हती. एवढ्या वर्षांत चुका निघाल्या असतील, पण अशी तोंडावर चापट बसल्यासारखी ती कधी गप्प झाली नसेल.

"गिलास न्हवता," शेवंता सावकाश म्हणाली. "तांब्या हुता. पितळेचा. चकचकीत घासलेला."

हौसाक्का तिच्याकडे बघत राहिली. मग तिनं हातातला गिलास खाली ठेवला.

"व्हय. तांब्या हुता," ती म्हणाली. "माझंच चुकलं. तर ती पितळेचा तांब्या त्येच्या हातात देती आन् म्हणती, 'उन्हाचं आलाय, पाणी प्या. पर मी येणार न्हाई. माझं इथं बरं चाललंय.'"

"आवाज चढवत न्हाई ती," शेवंता म्हणाली.

"न्हाई. आगदी साधं म्हणती. पावण्याला म्हणावं तसं."

"रडत बी न्हाई," पलीकडून एक बाई म्हणाली.

"आन् दारातनं बाजूला बी होत न्हाई," आणखी एक म्हणाली.

"सांगू द्या की मला," हौसाक्का म्हणाली. आता तिचा आवाज नेहमीसारखा झाला होता. "त्यो पाणी पितो. तांब्या खाली ठेवतो. आन् जातो."

"आणि मग?" हे मी विचारलं. इतक्या दिवसांत सिनेमातलं मी काही विचारण्याची ती पहिलीच वेळ.

"मग काय? ती तांब्या उचलती. घासून जाग्यावर ठेवती. आन् मशीनवर बसती. झाला सिनेमा."

"गाणं नाही?"

"न्हाई गं. नुसता मशीनचा आवाज."

त्या दिवशी घरी जाऊन मी कपडे भरले. खोटं कशाला सांगू, मी काही ठरवलेलं नव्हतं. पिशवी दाराशी ठेवली, वेणी घातली, आईनं काढून दिलेली साडी घडी करून उशाशी ठेवली. पण डोळे मिटले की तो तांब्या दिसायचा. एक बाई असंही करू शकते, हे मला आदल्या दिवसापर्यंत माहीतच नव्हतं. परत जायचं, नाहीतर विहीर जवळ करायची, एवढंच मला ठाऊक होतं. पाणी द्यायचं, नाही म्हणायचं आणि पुन्हा कामाला बसायचं, हा तिसरा रस्ता मला कुणी दाखवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ते आले. नवरा इस्त्रीच्या कपड्यांत, आणि मामा घाम पुशीत. अण्णांनी त्यांना सोप्यात बसवलं. चुलीवर पुरण शिजत होतं. अण्णा म्हणाले, "वैजू, पाणी आण."

आमच्याकडे पितळेचा एक तांब्या होता, पण तो देवापुढे कलश म्हणून बसलेला. मी हाताला लागला तो स्टीलचा तांब्या घेतला. त्याला एका अंगाला पोचा आलेला होता. तो भरून मी सोप्यात गेले. पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं.

मी तांब्या नवऱ्यापुढे धरला.

"उन्हाचं आलाय, पाणी प्या," मी म्हणाले. "पण मी येणार नाही."

'माझं इथं बरं चाललंय' हे वाक्य मी म्हटलं नाही. सिनेमातल्या बाईकडे मशीन होतं. माझ्याकडे काय होतं? मी तशीच उभी राहिले.

सिनेमातला नवरा पाणी प्यायला होता. माझा प्यायला नाही. त्यानं तांब्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो अण्णांना म्हणाला, "हे काय चाललंय?" मामांनी मात्र हात पुढं करून तांब्या घेतला आणि घटाघटा प्यायले. त्यांना तहान लागली होती आणि भांडण काही पळून जाणार नव्हतं. पिऊन झाल्यावर मिशा पुसून ते म्हणाले, "पाटील, पोरीला हे कुणी शिकवलं?"

अण्णांचा चेहरा रागानं लाल झाला होता. "कुणी शिकवलं गं?" त्यांनी विचारलं.

"सिनेमात आहे," मी म्हणाले.

आज ते आठवून मला हसू येतं. तेव्हा कोणी हसलं नाही. नवरा ताडकन उठला आणि त्यानं हात उगारला. मारायला नसेलही, नुसता दम द्यायला असेल. पण माझं डोकं आपोआप खांद्यात गेलं आणि माझा हात डाव्या कानावर गेला. मी तो मुद्दाम नेला नव्हता. गेले कित्येक महिने तो तसाच जात होता.

अण्णांनी ते पाहिलं. माझ्या कानाला सर्दी झाली आहे, असं त्यांनाही सांगितलेलं होतं. ते माझ्या हाताकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी मामांच्या हातातून तांब्या घेतला, उरलेलं पाणी स्वतः प्यायले आणि म्हणाले, "परतीची गाडी आत्ता मिळंल. मागनं लई खोळंबा हुतो."

पाहुणे जेवल्याशिवाय गेले. पुरण आम्ही खाल्लं. अण्णा माझ्याशी त्या दिवशी एक शब्द बोलले नाहीत, पण दाराशी ठेवलेली माझी पिशवी त्यांनी स्वतः उचलली आणि आत नेऊन ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेडमध्ये गेले तेव्हा बायका बसत होत्या. मला बघून सगळ्या जागच्या जागी थांबल्या. कुणी काही विचारलं नाही. हौसाक्काच्या डाव्या अंगाची जागा रिकामी होती. मी बसले. तिनं एक भरलेलं सूप माझ्यापुढे सरकवलं.

"निवड," ती म्हणाली. "काड्या लई हायत आज."

आणि तिनं पदरानं डोळे पुसले. पत्र्याखाली घाम फार येतो, म्हणून मला त्याचं काही वाटलं नाही.

पुढं अण्णांनीच मला मिरजेला नर्सिंगला घातलं. मी शिकले, नोकरी केली. उजव्या कानावर आयुष्य काढलं आणि त्यात काही कमी पडलं नाही. काडीमोड झाल्यावर माझ्या पसंतीनं दुसरं लग्न केलं, मुलगी झाली. सिनेमे तर पोटभर पाहिले. नोकरीतल्या मैत्रिणी हसायच्या, कारण दिवे लागले तरी मी उठत नसे. शेवटाची पाटी येईपर्यंत बघायचे. सिनेमात सगळं खोटं असतं, असं कुणी म्हणालं की मी वाद घालत नसे. पोचा आलेला एक स्टीलचा तांब्या माझ्या स्वयंपाकघरात होता, तेवढं मला पुरे होतं. आई गेल्यावर माहेरातून मी फक्त तोच मागून आणला. आता त्यानं मी तुळशीला पाणी घालते.

तो सिनेमा मात्र मला कधी बघायला मिळाला नाही. त्या वेळी तो थेटरातून उतरला आणि पुन्हा आमच्या बाजूला लागला नाही. हौसाक्का वारली तेव्हा मी रात्रपाळीला होते. मला उशिरा कळलं. तेव्हापासून तर तो सिनेमा एकदा डोळ्यांनी बघायचाच, अशी ओढ लागली होती. गेल्या वर्षी माझ्या मुलीनं, केतकीनं, तो कुठूनसा शोधून काढला आणि रविवारी टीव्हीवर लावला. मी चहा करून, पाय वर घेऊन बसले.

सगळं जसंच्या तसं होतं. मोठं घर, नणंद, पाऊस. भाऊ चालत आला, तेव्हा मी टाळी वाजवली. साड्यांचे रंगसुद्धा बरोबर होते. शेवटी मोटार आली. नवरा दारात उभा राहिला. "चल घरी," तो म्हणाला.

मी केतकीचा हात धरला. "आता बघ," मी म्हणाले.

नायिका मशीनवरून उठली. धावली. आणि नवऱ्याच्या पायांवर कोसळली. त्याच्या पायाची धूळ तिनं कपाळाला लावली. आपली जागा या पायांपाशीच आहे, असं काहीतरी रडत रडत म्हणाली, आणि मोटारीत बसून गेली. मशीनवर अर्धवट शिवलेलं पोलकं तसंच राहिलं. मागं गाणं चालू होतं.

"आई," केतकी थोड्या वेळानं म्हणाली, "तांब्या कुठाय?"

त्या सिनेमाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही शोधून बघाल आणि माझ्या हौसाक्काला खोटं पाडाल.

मला वाटलं, मधला भाग कापला असेल. आक्का एखाद वेळी चुकेल, पण शेवंता? तिनं तर तांब्या कशाचा ते सांगितलं होतं! पुढच्या सुट्टीत केतकीला घेऊन मी गावाला गेले. शेवंता होती. मुलाच्या अंगणात बाजेवर बसलेली, वाळलेली, पण डोळे अजून तसेच. मी तिला आता मावशी म्हणते. इकडचंतिकडचं झाल्यावर मी म्हणाले, "मावशी, मी तो सिनेमा पाहिला. त्यात पाणी नाही."

ती हसली. दात नव्हते, तरी हसणं तेच फटकळ होतं.

"कुठनं आसंल?" ती म्हणाली. "मी बी बघितलाय की. सगळ्या गेलो हुतो आमी त्या दिशी. शेड बंद, बाजार, आन् मुकादमाची बायकू सुदीक संगं. एक तू सोडून."

मला ते कळायला वेळ लागला. "सगळ्यांनी पाहिला होता? मग आक्का दिवसभर सांगत कुणाला होती?"

"कुणाला म्हंजी? तुला."

केतकीनं माझ्या पाठीवर हात ठेवला.

"तसं काय ठरवलेलं न्हवतं," शेवंतामावशी म्हणाली. "जेवणापत्तोर जसा हुता तसाच सांगितला तिनं. मग तुझी आई येऊन गेली. आन् म्होरं त्यो शेवट. आता त्यो कसा सांगायचा? तिच्या तोंडातनं निघंनाच. आक्काचं तुला ठावं न्हाई. ती बी तुझ्याच वयात माहेराला आलेली. परत गेली, परत आली, परत गेली. तिला कुणी ह्यो पाण्याचा शेवट सांगितला न्हाई कधी. तर तिनं त्यो गिलास बघितला आन् बोलून बसली. आन् म्हटल्यावर घाबारली. सगळ्या बघितलेल्या, कुणी बी 'चुकलं' म्हणणार. आन् सगळ्यांत आधी मी."

"आणि तुम्ही म्हणालात."

"म्हणायला नगं? मी गप बसले आसते तर तुला खरं वाटलं आसतं?" ती म्हणाली. "शेवंता थांबवती म्हंजी बघितलेलं आसणार, हे तुला ठावं हुतं. म्हणून थांबवलं."

संध्याकाळ व्हायला आली होती. त्या शेडमधल्या एकेक बाईचा चेहरा माझ्यापुढे येत होता. रडत बी न्हाई, असं म्हणणारी. दारातनं बाजूला बी होत न्हाई, असं म्हणणारी. सिनेमात पदरचं काही घालायचं नाही, हा त्यांचा नेम होता, आणि तो त्यांनी सगळ्यांनी मिळून माझ्यासाठी मोडला. त्यानंतर त्या उठून आपापल्या घरी गेल्या, जिथं पाण्याचा तांब्या असा कुणाच्या हातात देता येत नव्हता. त्यांच्यातल्या कितीजणींचे मी आभार मानायला उशीर केला, ते आता मोजूनही उपयोग नाही. मी शेवंतामावशीच्या पायांवर डोकं ठेवलं. तिनं ते लगेच ढकललं.

"पायाबिया पडू नगंस. त्या सिनेमावाणी दिसतंय," ती म्हणाली. "त्यापरीस सांग. तू दुसऱ्या दिशी शेडला आलीस, तवा आमाला कळलं की काय तरी झालं. पर काय झालं ते आमी इचारलं न्हाई आन् तू सांगितलं न्हाईस. आक्का बिचारी शेवटापत्तोर म्हणायची, 'त्या पोरीनं काय केलं आसंल गं?' तिला ऐकायचं हुतं. आता मी ऐकते. तू सांग."

मी बाजेच्या कडेला, तिच्या डाव्या अंगाला बसले. सांगायला सुरुवात केली. सोप्यात कोण कुठं बसलं होतं, मामा घाम कसा पुशीत होते, चुलीवर पुरण कसं शिजत होतं. मावशीची सून पदरानं हात पुसत दारात येऊन उभी राहिली. शेवंतामावशीनं डोळे मिटले होते.

"अण्णा म्हणाले, पाणी आण. मी आत गेले, तांब्या भरला आणि..."

"थांब," शेवंतामावशी म्हणाली. तिचे डोळे उघडले होते आणि ते माझ्यावर रोखलेले होते. "तांब्या पितळेचाच हुता न्हवं?"

केतकीनं माझ्याकडे पाहिलं. पोचा आलेला तो स्टीलचा तांब्या तिनं लहानपणापासून पाहिलेला आहे; निघताना सकाळी तुळशीला तिनंच त्यानं पाणी घातलं होतं. ती काही बोलली नाही.

"पितळेचा," मी म्हणाले. "चकचकीत घासलेला."

शेवंतामावशीनं मान डोलावली.

"बरोबर," ती म्हणाली. "सांग म्होरं."